सगळा माल एका हेडिंगखाली ढकलू नका, ढकलू देऊही नका

प्रश्न: लातूरच्या गंजगोलाईत आमचं कपड्यांचं होलसेल दुकान आहे. पहिल्यांदाच चीनहून होजिअरीचा सुती माल मागवला: गोल गळ्याचे टी-शर्ट, पुरुषांचे कॉलरवाले टी-शर्ट आणि स्वेटशर्ट. सीएचएने (कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटाने) सगळं कस्टम्स टॅरिफच्या 6109 या हेडिंगमध्ये, म्हणजे टी-शर्टच्या वर्गात दाखवलं. न्हावा शेवा बंदरात कस्टम्सचे अधिकारी म्हणतात, सगळं 6110, म्हणजे स्वेटशर्टच्या वर्गात. ड्युटी बरीच वाढते. सीएचए म्हणतो, ‘मान्य आहे’ असं लिहून द्या, माल लगेच सुटेल. देऊ का?

उत्तर: ताई, सरसकट तसं लिहून देऊ नका. थंडीचा सीझन हातचा जाईल ही तुमची धास्ती रास्त आहे, पण त्या एका ओळीने तुमचं भांडण तिथेच संपतं.

आधी माल बघू. गोल गळा, कॉलर नाही, बटण नाही, खाली साधी दुमड घालून शिवलेली, कापड हलकं आणि आतून लव न काढलेलं, तर तो टी-शर्टच. 6109 वर ठाम राहा. स्वेटशर्टाला खाली कंबरेशी रिबची पट्टी असते, आतून लव काढलेली असते. तो 6110 मध्येच जातो. तिथे अधिकाऱ्यांचं बरोबर आहे, उगाच ताणू नका.

कॉलरवाल्यांचं मात्र दोघांचंही चुकलंय. पुढे अर्धी बटणपट्टी असलेला पुरुषांचा होजिअरी विणीचा शर्ट 6105 मध्ये येतो. पण टॅरिफमधल्या प्रकरण 61 ची टीप 4 वाचा: कंबरेखाली खिसा, खाली रिबची पट्टी किंवा आवळायची सोय असेल, किंवा विणीचे टाके दर सेंटिमीटरला सरासरी 10 पेक्षा कमी भरत असतील, तर तो 6105 मधून बाद. टाके उभे आणि आडवे, निदान 10 बाय 10 सेंटिमीटरच्या तुकड्यावर मोजायचे. प्रत्येक डिझाइनचा एक नग घेऊन हे आजच मोजून घ्या. हेडिंग बदललं की दर बदलू शकतो. शिवाय या प्रकरणातल्या कित्येक नोंदींवर टक्केवारी किंवा नगामागे ठरलेली रक्कम, यांतली जास्त असेल ती लागते. स्वस्त मालाला हीच गोष्ट जड जाते.

आता पत्र. स्वेटशर्टापुरतं 6110 मान्य असल्याचं लिहा. बाकी दोन प्रकारांबाबत लिहा की फेरआकारणी (अधिकाऱ्यांनी बदललेली ड्युटीची आकारणी) मान्य नाही, ड्युटी निषेध नोंदवून भरत आहोत, कस्टम्स कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे कारणांसह आदेश द्यावा. लेखी मान्यता नसेल तर फेरआकारणीपासून 15 दिवसांत असा आदेश काढणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. ड्युटी भरली की माल सुटतो, डिमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचा आकार) चढत नाही, आणि वाद जिवंत राहतो.

आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत कस्टम्सच्या कमिशनर अपील्सकडे अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. आधी ड्युटी भरू, मग रिफंड मागू, असं बरेच व्यापारी धरून चालतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या खटल्यात स्पष्ट केलंय की आकारणीच बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही. म्हणून अपील चुकवू नका.

पुढचा कंटेनर मागवण्याआधी मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करा; माल कोणत्या हेडिंगमध्ये बसतो हे ते आधीच ठरवून देतं. फी 10,000 रुपये. माल आणि कायदा तोच राहिला तर निर्णय काही वर्षं चालतो, आणि कस्टम्सवरही बंधनकारक असतो. अर्जासोबत प्रत्येक डिझाइनचे फोटो, कापडाचं वजन आणि टाक्यांची मोजणी जोडा.