चालू आमदाराने राजीनामा दिला तर लगेच पोटनिवडणूक लागते का? आणि मतदार त्याचा राग काढतात का?

नियम आधी सांगून टाकते. राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे जातो, त्यांनी स्वीकारला की जागा रिकामी. तिथून सहा महिन्यांत पोटनिवडणूक. मुदत वर्षाच्या आत संपणार असेल तर नाही. म्हणून तर २०१९ला पुण्यातल्या कसब्याचे आमदार गिरीश बापट खासदार झाले तेव्हा तिथे ती लागली नाही, ऑक्टोबरात विधानसभाच होती. निवडून येणाऱ्यालाही उरलेलीच मुदत मिळते.

राग काढतात का, हे घोंगडं मात्र आमच्या घरात तीस वर्षं भिजत पडलंय.

१९९१ साल. कसब्याचे आमदार अण्णा जोशी पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. दोन्हीकडे राहता येत नाही, त्यामुळे आमदारकी सुटली आणि पोटनिवडणूक लागली. भाजपचे बापट, काँग्रेसचे वसंत थोरात. आमचे बाबा भाजपच्या मतदार-चिठ्ठ्या वाटायचे. पदाधिकारी वगैरे नाही हं, छापखान्यातून सुटले की पिशवी अडकवून फडके हौदाजवळच्या वाड्यांमधून हिंडायचे, इतकंच. त्या वेळीही निघाले. समोरच्या वाड्यात अंधारा जिना, दोरी धरून चढायचा. वर एक आजी राहायच्या. म्हणाल्या, "अरे, गेल्या वर्षीच दिलं ना मत? पाच वर्षांसाठी म्हणाला होतास." बाबांनी लोकसभेचं सगळं समजावलं. आजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचंस, वर्षाचीच बोली आहे म्हणून."

बाबा गठ्ठा घेऊन घरी आले आणि फडताळात ठेवला. "त्यांचं काही चुकलं नाही, कायदाच तसा आहे. पण मी कोणत्या तोंडाने जिने चढू?" एवढंच बोलले. पुढे कितीतरी महिने आई त्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहायची.

थोरात निवडून आले. दादा तेव्हा कॉलेजात होता, पक्षाच्या टेबलावर बसायचा. त्याचं ठाम मत, बाबांसारख्यांनी घरी बसून सीट घालवली. शिवाय बाबा स्वतः मतालाही गेले नाहीत, असं तो आजही चारचौघांत सांगतो. अहो, पेठेतल्या माणसाला आपली मतदानाची शाळा चिठ्ठीवर बघावी लागते का? २०२३च्या कसबा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासनेंना हरवलं तेव्हा सिंहगड रोडवरून त्याचा फोन, "बघ, परत कोणीतरी चिठ्ठ्या वाटल्या नाहीत!" ती जागा तर आमदार मुक्ता टिळक वारल्यामुळे रिकामी झाली होती, त्यात राजीनाम्याचा संबंधच नव्हता. आणि चिठ्ठ्या तेव्हा मोबाइलवरही आल्या होत्या. तरी हरलेच ना?

माझं मत विचाराल तर, लोकसभेत गेला म्हणून जागा सोडणारा वेगळा आणि पक्ष बदलायला सोडणारा वेगळा. दुसऱ्याला त्याच पोटनिवडणुकीत उभंच राहू देऊ नये. २०१९ला उदयनराजेंनी खासदारकी सोडून पक्ष बदलला, पाचच महिन्यांपूर्वी निवडून देणाऱ्या साताऱ्याने त्यांना पाडलं.

अर्थात त्याच वर्षी कर्नाटकात पोटनिवडणुकीच्या १५ जागांपैकी १२ भाजपने जिंकल्या, आणि उमेदवार बहुतेक राजीनामे देऊन आलेलेच होते. तेव्हा लोक राग काढतातच असं छातीठोक सांगता येणार नाही. आमच्या आजींनी तरी तो काढला की नाही, कोणास ठाऊक. पेटीत काय टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि दादा, तू हे वाचशीलच. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बंबात लाकडं सारत होते, मी शेजारी उभी होते. डाव्या तर्जनीवर शाई होती. तू तेव्हा झोपला होतास.