वजनगट खाली आणण्याआधी

नमस्कार ताई,

तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे, तीन वर्षं वेटलिफ्टिंग करते आहे, युवा गटात तिने पदकही मिळवलं आहे. आता शाळेचं शेवटचं वर्ष जवळ आल्यावर हा खेळ चालू ठेवावा का, असं तुम्ही विचारलं आहे. नातेवाईक म्हणतात, उंची खुंटेल, अंग पुरुषी होईल. तिचे बाबा म्हणतात, पदकांनी पोट भरत नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलं आहे की खालच्या वजनगटात उतरण्यासाठी प्रशिक्षकांनी चार किलो कमी करायला सांगितले आहेत, ती जेवण टाळते आणि चार महिने तिची पाळी आलेली नाही.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात, हा नाही.

‘खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ऐकू नका. सरावात खर्च होणारी ऊर्जा आणि पोटात जाणारं अन्न यांचा मेळ तुटला की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री बरेचदा पाळीवर चालते. इस्ट्रोजेन घटतं, त्यामागोमाग हाडं ठिसूळ होऊ लागतात. हाडांची भरण होण्याचं वय नेमकं हेच आहे. आता गेलेलं पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. क्रीडावैद्यकात या स्थितीला ‘रेड-एस’ म्हणतात. पाळी थांबण्याची इतर कारणंही असतात, म्हणून अंदाज बांधत बसू नका. याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, जमलं तर क्रीडावैद्यक तज्ज्ञांनाही दाखवा. तोवर वजन उतरवणं पूर्ण बंद. सराव किती करायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रशिक्षकांना हे स्पष्ट सांगा, आणि सांगताना अपराधी वाटून घेऊ नका. सोळाव्या वर्षी वजन वाढतं तेव्हा त्यात स्नायू असतात, हाडं असतात. म्हणजे उद्या जे ओझं उचलायचं आहे त्याचीच ती तयारी असते. वाढत्या मुलीचा गट वर सरकणं साहजिक आहे. शिवाय स्पर्धेत खेळाडूचं वजन लिफ्टिंग सुरू होण्याच्या दोन तास आधी घेतात. उपाशी राहून, पाणी तोडून उतरवलेलं शरीर तेवढ्या वेळात सावरत नाही, आणि मग स्नॅचचे (एका झटक्यात डोक्यावर) तीन आणि क्लीन अँड जर्कचे (आधी खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर) तीन, असे सहाही प्रयत्न त्याच थकल्या अंगाने करावे लागतात. गट तरी कुठे कायमचे आहेत? 2018 मध्ये बदलले, 2025 मध्ये पुन्हा बदलले. मीराबाई चानू 2017 मध्ये 48 किलो गटात जगज्जेती झाली आणि टोकियो ऑलिंपिकचं रौप्य तिने 49 किलो गटात जिंकलं. आज असलेल्या गटासाठी मुलीचं शरीर पणाला लावू नये. हे सांगूनही प्रशिक्षक ऐकत नसतील तर खेळ सोडू नका, प्रशिक्षक बदला.

नातेवाइकांचं थोडक्यात. जाणत्या देखरेखीखाली, तंत्र पक्कं करत केलेल्या लिफ्टिंगने उंची खुंटत नाही. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांच्या मानाने फार कमी असतं, त्यामुळे ताकद पुष्कळ वाढली तरी भीती घातली जाते तसं अंग होत नाही. मात्र एक खबरदारी आईनेच घ्यायची: कुणी कितीही आपुलकीने दिलेली पावडर किंवा गोळी तिने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. उत्तेजक चाचणीत जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, ‘मला माहीत नव्हतं’ म्हटल्याने सुटका होत नाही, आणि बंदी चार वर्षांचीही असू शकते.

आता बाबांचा मुद्दा. तो खरा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाईने दोन्ही प्रकार मिळून 199 किलो उचलले आणि ती चौथी आली. कांस्य 200 किलोला गेलं. जगातल्या उत्तम लिफ्टरच्या बाबतीतही पदक असं एका किलोवर अडतं. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, यावर मी बाबांच्या बाजूने आहे.

पण खेळ आत्ताच सोडायचा, याला माझा विरोध आहे. या खेळात सोळावं वर्ष म्हणजे सुरुवात. फिलिपिन्सची हिडिलिन डियाझ सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेली, तेव्हा पदक नाही. लंडनमध्ये क्लीन अँड जर्कचा एकही प्रयत्न यशस्वी झाला नाही. रिओत रौप्य, आणि टोकियोत तिसाव्या वर्षी 224 किलो उचलून सुवर्ण. इतका पल्ला असलेल्या खेळात शाळेच्या शेवटच्या वर्षी एक-दोन स्पर्धा सोडल्या, सराव थोडा कमी केला, तर काही बुडत नाही.

तिला जीवशास्त्राची थोडीशी जरी गोडी असेल तर ते सोडू देऊ नका. फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, क्रीडापोषण या वाटा तिथून निघतात, आणि त्या अभ्यासात तिचा आजचा सराव रोज उपयोगी पडेल. लोकांना सहसा माहीत नसतं, पण स्नॅच आणि क्लीन या क्रिया धावपटूंपासून रग्बीपटूंपर्यंत अनेकांच्या ताकदीच्या सरावात असतात. त्या नीट शिकवता येणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ती ते अंगाने शिकते आहे. पंच होण्याचीही वाट आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 1987 ची, ऑलिंपिकमध्ये प्रवेश थेट 2000 साली; त्यामुळे मुलींना शिकवणाऱ्या अनुभवी स्त्रिया अजून कमीच आहेत. चार महिन्यांची पाळी चुकल्याचं सोळा वर्षांची मुलगी पुरुष प्रशिक्षकाला सहज सांगेल का? अशा मुलींना अशी ताई हवी असते.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही. प्रशिक्षक काय म्हणतात, बाबा काय म्हणतात, नातेवाईक काय म्हणतात हे सगळं आहे. तिला काय हवं आहे ते नाही. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, घरात दोघीच असताना तिला विचारा. तिला वाटलं तर तिने स्वतःच मला लिहू दे. तिच्या पत्राला मी वेगळं उत्तर देईन.