दिल्लीच्या पतसंस्था परिषदेला जाताना: डिचोलीच्या सचिवताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा: तुमच्या क्रेडिट सोसायटीतर्फे तुम्ही आणि चेअरमन पहिल्यांदाच दिल्लीला पतसंस्थांच्या राष्ट्रीय परिषदेला निघालात. दोन दिवस सभागृहात, तिसरा दिवस खासदार आणि मंत्रालय यांच्या भेटींसाठी. काय न्यायचं, कुणाला भेटायचं, राहायचं कुठे, आणि एवढ्याशा संस्थेचं तिथं ऐकणार कोण?

राहण्याचं नंतर बघू, ते सोपं आहे. तयारी करायची ती तिसऱ्या दिवसाची. पहिले दोन दिवस दीपप्रज्वलन, हारतुरे आणि भाषणं यांत जातात. भाषणं यूट्यूबवर मिळतात, खासदाराच्या दिवाणखान्यातली दहा मिनिटं मिळत नाहीत. अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनवाले, म्हणजे तिथले पतसंस्थावाले, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वॉशिंग्टनला जमतात. सभागृहातला कार्यक्रम झाला की राज्यवार गट करून कॅपिटॉल हिलवर, म्हणजे तिथल्या संसदेत, आपापल्या प्रतिनिधींची दारं ठोठावतात. १९३७ पासून मिळालेली करसवलत टिकवणं हा त्यांचा जुना विषय, आणि ती काढायला कुणी निघालेलं नसलं तरी ते जातात. आपल्याला नोटीस आली की दिल्ली आठवते.

पहिलं काम इथेच, गोव्यात. संचालक मंडळाच्या बैठकीत सगळ्या तक्रारी कागदावर घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा, दिल्ली की पाटो, म्हणजे पणजीतलं सहकार निबंधकांचं कार्यालय. सहकार हा राज्याचा विषय आहे. आपल्या सोसायट्या गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली नोंदलेल्या. ९७व्या घटनादुरुस्तीने केंद्राने राज्यातल्या संस्थांसाठीही नियम घालून दिले होते, पण राज्यापुरत्या संस्थांबाबतचा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द ठरवला. बहुराज्य संस्थांचं प्रकरण वेगळं, त्या केंद्राच्या कायद्याखाली येतात. त्यामुळे निवडणूक, ऑडिटर, वसुलीचे दाखले, निबंधकांकडे अडकलेल्या पोटनियमांच्या दुरुस्त्या हे सगळं पाटोवर सहकार संकुलात मांडायचं. दिल्लीत मांडलंत तर अधिकारी शांतपणे ऐकून घेतील आणि ‘स्टेट सब्जेक्ट है’ म्हणून फाइल मिटतील. असं करताना यादी निम्म्याने गळते, आणि ती गळायलाच हवी.

दिल्लीसाठी उरतो मुख्यतः प्राप्तिकर. इथेही सगळं मागत बसू नका. अनेक जण ‘८०पीची सवलत द्या’, म्हणजे जुन्या प्राप्तिकर कायद्यातली सहकारी संस्थांची वजावट द्या, असं निवेदन घेऊन जातात. अहो, ती सवलत आहेच. खात्याने पतसंस्थांना सहकारी बँकेच्या पंगतीत बसवून ती नाकारायला सुरुवात केली तेव्हा आपल्या केपे अर्बन क्रेडिट सोसायटीनेच लढा दिला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या माविलायी सोसायटीच्या प्रकरणात सवलतीचा अर्थ संस्थांच्या बाजूनेच लावला. आता वाद उरलाय तो जास्तीचा पैसा बँकेत ठेवून त्यावर मिळणाऱ्या व्याजाचा. मागायचंच तर त्याबद्दल स्पष्टीकरण मागा. केप्याचं नाव मात्र तोंडावर असू द्या, गोव्याहून आलेल्या माणसाला ते शोभतं.

माझी पसंती मात्र दुसऱ्या मागणीला आहे, कारण ती दोन वाक्यांत सांगता येते. रोखीची मर्यादा. जुन्या प्राप्तिकर कायद्याच्या २६९एसएस कलमाप्रमाणे वीस हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घेता येत नाही, आणि त्यात आधीची शिल्लकही मोजली जाते. बँकांना, सहकारी बँकांनाही, हे बंधन नाही. आपल्याला आहे. आता पिग्मी, म्हणजे एजंटामार्फत रोज भरायची छोटी ठेव, घ्या. डिचोलीच्या बाजारात बसणारी भाजीवाली रोज दोनशे रुपये तुमच्या एजंटाकडे देते. शंभराव्या दिवशी खात्यावर वीस हजार झाले. त्या दिवसापासूनचे तिचे रोजचे दोनशे रुपये कलमात सापडतात, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो, तोही सोसायटीला. २०२३ च्या अर्थसंकल्पात प्राथमिक कृषी संस्थांना, म्हणजे आपल्या गावातल्या व्ही.के.एस.एस.ना (विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांना), सभासदामागे ही मर्यादा दोन लाख करून दिली. शहरी पतसंस्था राहून गेल्या. तीच सवलत आम्हालाही द्या, एवढंच म्हणायचं. सरकारच्या तिजोरीतून यासाठी काही जात नाही, हेही सांगायचं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा निवेदनात जुना आणि नवा असे दोन्ही आकडे हवेत. तुमच्या सी.ए.कडून लिहून घ्या, अंदाजाने टाकू नका.

निवेदन एकच पान. एका बाजूला इंग्रजी, पाठीमागे हिंदी. वर सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तालुका, मतदारसंघ. मग मागणी दोन ओळींत. मग तुमचे आकडे: सभासद किती, त्यात बायका किती, ठेवी किती, पिग्मी खाती किती, त्यातली वीस हजारांवर गेलेली किती, सरासरी कर्ज केवढं. हा शेवटून दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही. पतसंस्थांचं फेडरेशन देशभराचे आकडे सांगेल, ते सगळ्यांनीच ऐकलेले असतात. खासदाराला हवं असतं ते आपल्या मतदारसंघातली माणसं किती. सॉफ्टवेअरवाल्याला आजच सांगा, हा रिपोर्ट तयार मिळत नाही, काढून घ्यावा लागतो. भाजीवालीचा दाखला द्या, पण नाव आणि खाते क्रमांक नको. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, रौप्यमहोत्सवी स्मरणिका घरीच राहू द्या. चेअरमन ऐकणार नाहीत, स्मरणिका बॅगेत येणारच. आली तर हॉटेलात ठेवा.

आता उलट प्रश्नांची तयारी. कुठल्याही अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ठेवी सुरक्षित आहेत का? बुडालेल्या पतसंस्थांच्या बातम्या त्यानेही वाचलेल्या असतात. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नाही. हे आडून सांगू नका, सरळ सांगा आणि लगेच थकबाकीची टक्केवारी, राखीव निधी आणि ऑडिटचा वर्ग पुढे ठेवा. दुसरा प्रश्न नाममात्र सभासदांचा. कर्ज देण्यापुरते सभासद करून घेता का, असा त्याचा रोख असतो. नियमित किती, नाममात्र किती हे पाठ असू द्या. आणि एक बारीक गोष्ट. व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर किंवा बोलण्यातसुद्धा ‘आमची बँक’ नको. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थांना नावात किंवा व्यवहारात ‘बँक’ शब्द वापरायला बंदी आहे. आपल्याकडे म्हातारी माणसं सोसायटीला सर्रास बँकच म्हणतात, तेव्हा चेअरमनना वाटेत दोनदा आठवण करा.

भेटायचं कुणाला? गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, बस्स. मोठ्या राज्याच्या शिष्टमंडळाला कुणाला गाठायचं हा प्रश्न पडतो, आपल्याला नाही. तुम्ही उत्तर गोव्याच्या, म्हणजे श्रीपाद नाईकांच्या मतदारसंघातल्या. ते केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्याकडे मागायचं ते अर्थमंत्र्यांना पत्र. प्रश्न विचारण्यासाठी राज्यसभेचे सदानंद शेट तानावडे आणि दक्षिणेचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस. पक्ष बघत बसू नका, पिग्मी सगळ्याच पक्षांचे लोक भरतात. आणि प्रश्न तयार करूनच न्या: ‘प्राथमिक कृषी पतसंस्थांना दिलेली रोख व्यवहाराची सवलत नागरी पतसंस्थांना देण्याचा सरकारचा विचार आहे काय, नसल्यास त्याची कारणे काय?’ प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून त्याच अधिवेशनात उत्तर येईल असं धरून चालू नका.

भेट अशी होते. सकाळची वेळ, बंगल्याच्या पुढच्या खोलीत खुर्च्या भरलेल्या. कुणाच्या हातात पुष्पगुच्छ, कुणाच्या हातात बदलीचा अर्ज. पी.ए. येऊन विचारतो, ‘विषय काय?’ तिथेच तुमची खरी भेट सुरू होते. दोन वाक्यांत सांगितलंत तर तो कागद हातात घेऊन आत जातो आणि तुम्ही खुर्चीत बसण्याआधी साहेबांना विषय कळलेला असतो. सुरुवात ‘आमच्या संस्थेची स्थापना...’ अशी केलीत तर कागद टेबलावरच्या ढिगात. त्या पी.ए.चा नंबर आणि ई-मेल घेतल्याशिवाय उठू नका. बोलायचं कुणी तेही आधी ठरवा. माझं मत विचाराल तर नमस्कार-चमत्कार चेअरमननी करावेत आणि विषय तुम्ही मांडावा, कारण आकडे तुमच्याकडे आहेत. चेअरमनना हे विमानात नव्हे, डिचोलीतच सांगा.

वेळ गाठायची तर अधिवेशन चालू आहे का ते बघा. नसेल तर आपले खासदार दिल्लीत भेटण्याची खात्री नाही, मग त्यांना गोव्यातच गाठा आणि तिसरा दिवस मंत्रालयाला द्या. अर्थसंकल्पासाठीची मागणी डिसेंबरच्या आत पोचलेली बरी. फेब्रुवारीत नेलीत तर वित्त विधेयक मंजूर होईपर्यंत दुरुस्तीला थोडी फट असते, पण ती अरुंद. सहकार मंत्रालय २०२१ मध्ये वेगळं झालं, ते लोधी रोडला सीजीओ कॉम्प्लेक्सजवळच्या अटल अक्षय ऊर्जा भवनात, मेट्रो जवाहरलाल नेहरू स्टेडियम. पण करसवलत त्यांच्या हातात नाही, ती अर्थ मंत्रालयाची. सहकार मंत्रालयाकडून शिफारस मागायची. दिल्लीत बरीच मंत्रालयं कर्तव्य भवनांत हलताहेत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पत्ता पक्का करा. भेटीची वेळ आधी घेतलेली नसेल तर रिसेप्शनवरूनच परत यावं लागतं. मूळ आधार कार्ड सोबत ठेवा.

बाकीचं झटपट. डिचोलीहून मोपा विमानतळ जवळ. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर धुक्याने विमानं रखडतात, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. राजधानी मडगावहून, गोवा एक्स्प्रेस वास्कोहून, दोन्ही निजामुद्दीनला उतरवतात. गोवा सदनात खोलीसाठी लवकर अर्ज करा, पण सरकारी माणसांना प्राधान्य असतं, म्हणून दुसरी सोय हाताशी ठेवा. स्वेटर आपल्याकडे कुणाकडेच धड नसतो, शेजारणीचा मागून न्या. चपला नकोत, बूट घाला, सुरक्षा तपासणी आणि चालणं दोन्ही भरपूर. काजूची पाकिटं सगळेच नेतात, मी विरोधात नाही. पण ती निवेदनासोबत देऊ नका, निघताना द्या.

खर्चाचा ठराव जाण्याआधी मंजूर करून घ्या: कोण जाणार, कशासाठी, किती भत्ता. बोर्डिंग पास, बिलं, परिषदेचं हजेरीपत्र जपून ठेवा. ऑडिटरला दिल्ली म्हटलं की सहल दिसते, आणि खरं सांगायचं तर काही वेळा त्याचं चुकत नाही.

परत आल्यावर आठवड्याच्या आत तिन्ही पी.ए.ना आभाराचा मेल आणि त्याला पुन्हा तेच पान जोडून. प्रत निबंधकांना आणि फेडरेशनला. केपे, फोंडा, म्हापसा इथल्या सोसायट्यांनाही द्या आणि त्यांचे पिग्मीचे आकडे मागा. पुढच्या वेळी त्याच पानावर चार तालुके असतील. प्रश्नाला उत्तर आलं तर ते संसदेच्या संकेतस्थळावर मिळतं, ते छापून सर्वसाधारण सभेत वाचा.

पानाचा मसुदा झाला की इथेच टाका, बघून देतो.