सातपुड्यातलं अस्तंबा शिखर नेमकं कुठे आहे, हे नाव कसं पडलं आणि तिथे ट्रेकला जाता येतं का?

जाता येतं की, बिनधास्त जा, फक्त सह्याद्रीतल्या किल्ल्यासारखं काही डोक्यात धरून येऊ नका. मी तळोद्याकडचा, त्यामुळे थोडं पक्षपाती उत्तर मिळेल हे आधीच सांगतो.

अस्तंबा नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात. उंची 1325 मीटर. नर्मदा आणि तापीच्या मधे जी सातपुड्याची रांग जाते तिच्यातलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर हेच, आणि अख्ख्या सातपुड्यात सगळ्यात उंच असलेलं पचमढीचं धूपगड 1350 मीटर, म्हणजे फरक बघा फक्त 25 मीटरचा! तरी पुण्या-मुंबईकडच्यांना कळसूबाई पाठ असते आणि अस्तंबा म्हटलं की हे कुठे आलं विचारतात, जाऊद्या.

नाव अश्वत्थाम्यावरून पडलं असं आमच्याकडे सगळे मानतात. कोणी अस्तंबा म्हणतं, शाळेच्या पुस्तकात अस्तंभा छापतात, दोन्ही चालतं. महाभारतात कपाळावरचा मणी काढून घेतला आणि कृष्णाने भटकत राहायचा शाप दिला तोच हा, तो अजून ह्याच डोंगरात फिरतो, जखमेला लावायला तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो असं म्हातारी माणसं सांगतात. खरंखोटं तुमचं तुम्ही ठरवा, पण यात्रेत रात्रीच्या अंधारात चालताना ही गोष्ट ऐकली की पाय आपोआप गर्दीच्या मधे जातात 😄

यात्रा दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला सुरू होते. लोक तळोद्यावरून निघतात, मग कोठार, देवनदी, असली गाव, नकट्या देव, जुना अस्तंबा, भीमकुंड आणि मग शिखर. नंदुरबार-धुळ्याचे तर असतातच, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही भाविक येतात, जास्त करून आदिवासी बांधव, आणि त्यांची पोरं ज्या स्पीडने चढतात ते बघून आपल्या महागड्या शूजची लाज वाटते.

माझं विचाराल तर पहिल्यांदा यात्रेतच या. वाट विचारावी लागत नाही, सोबत मिळते आणि हा डोंगर इथल्या लोकांसाठी काय आहे ते तेव्हाच कळतं. गर्दी नकोच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी बरं, गाडीने असलीपर्यंत या आणि गावातलाच एखादा माणूस वाटाड्या म्हणून घ्या, पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण दगड निसरडे आणि नाले भरलेले, आणि एप्रिल-मे मधे खानदेशचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. पाणी भरपूर घ्या, वर हॉटेल-बिटेल काही नाही, थंडीत रात्री गारठा असतो तर स्वेटर टाका बॅगेत. वर देवस्थान आहे, तिथे दारू-बिरू अजिबात नको, लोकांना राग येतो आणि बरोबरच आहे.

बाहेरून येणाऱ्यांना ट्रेनने नंदुरबार सोपं, सुरत-भुसावळ लाईनवर आहे, तिथून तळोदा. एक दिवस जास्त असेल तर तोरणमाळ पण करा, यशवंत तलाव आणि सीताखाई बघण्यासारखी आहे. आणि धडगावला गेलात तर आमचूर घेऊन या, तिथलं फेमस आहे.