चौथ्या महिन्यासाठी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परदेशात इंग्रजी शिकवायला जाण्यासाठी व्हिसा झाला, तिकीट निघालं, तरी शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "बाई, इंग्रजी माझी मातृभाषा नाही हे कळल्यावर विद्यार्थी मला मानतील का?" बाकीचे प्रश्न नंतर. आधी हा.

'नेटिव्ह स्पीकरच हवा' अशा जाहिराती तू पाहिल्या आहेसच. काही देशांत तर इंग्रजी शिकवण्याचा व्हिसाच ठरावीक पासपोर्टांवर मिळतो. ते बोचतं, आणि बोचायलाच हवं. पण भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये मांडलेली इंग्रजीची तीन वर्तुळं आठव. आत ती जन्मभाषा असलेले देश, मधे शिक्षणात आणि कारभारात ती रुळलेले आपल्यासारखे देश, आणि बाहेर ती परकी म्हणून शिकणारे. तुझे विद्यार्थी त्या बाहेरच्या वर्तुळातले असतील. नोकरीत, प्रवासात त्यांना इंग्रजी बोलायचं आहे ते बहुतेक वेळा तुझ्यामाझ्यासारख्यांशीच.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे, जी जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला मिळवावी लागते. मराठीत आर्टिकल नाहीत. 'सन'च्या आधी 'द' लागतो आणि 'स्टार'च्या आधी कधी 'अ' का लागतो, हे विचारून तू मला आठवीत किती छळलं होतंस! चिनी, जपानी, कोरियन, रशियन या भाषांतही आर्टिकल नाहीत. तिथला मुलगा ज्या पायरीवर अडखळेल, तिथे तू स्वतः अडखळली आहेस आणि ती पायरी चढूनही आली आहेस. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्याला एकाच 'व'सारखे ऐकू यायचे. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा, हे तू आरशासमोर शिकलीस. म्हणून 'एल' आणि 'आर' यांत फरकच ऐकू न येणाऱ्या जपानी मुलावर तू चिडणार नाहीस, त्याच्या हातात आरसा देशील. इंडोनेशियन मुलं भेटली, तर त्यांना आपल्या 'आम्ही' आणि 'आपण'बद्दल सांग. त्यांच्याकडे 'कामी' आणि 'किता' हाच भेद आहे आणि इंग्रजीच्या एकट्या 'वी'मध्ये तो हरवतो. असं काही सापडलं की वर्ग आपला होतो.

आता वर्गाबद्दल. तू पहिला प्रश्न विचारशील आणि कुणीच बोलणार नाही. ती शांतता तुला सहन होणार नाही. तू प्रश्न पुन्हा विचारशील, सोपा करशील, शेवटी उत्तरही स्वतःच देशील. मी महिनाभर हेच केलं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. ती मुलं तर आपल्याच भाषेत विज्ञान शिकत होती. तुझ्या विद्यार्थ्याला प्रश्न समजून घ्यायचाय, उत्तर आपल्या भाषेत जुळवायचंय, मग ते इंग्रजीत आणायचंय, आणि चूक झाली तर सगळ्यांसमोर होणार ही भीतीही आहे. मी हात पाठीमागे घेऊन बोटांवर दहापर्यंत मोजायला लागले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी सातव्या-आठव्या आकड्याला पहिल्यांदा बोलली. तोवर मी तिला कच्ची समजत होते. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

सगळ्यांसमोर बोलायच्या आधी प्रत्येकाला शेजाऱ्याशी उत्तर ताडून पाहू दे. सूचना सहा-सात शब्दांत दे, आणि 'समजलं का?' असं विचारू नकोस. त्याला सगळीकडे 'हो' हेच उत्तर मिळतं.

कागदांचं थोडक्यात. पदवीवर अपॉस्टिल, म्हणजे ती परदेशात खरी मानली जावी म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लागत असेल तर ते निघण्यापूर्वीच कर, तिथून ते फार अवघड जातं. करारात शिकवण्याचे तास वेगळे लिहिलेत की शाळेत हजर राहण्याचे, ते पाहा. वह्या तपासणं आणि पालकसभा यांचा वेळ त्यात धरलाय का, सुट्टीत पगार आहे का, व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला आहे का, हे सगळं लेखी माग. माझ्या पहिल्या ठिकाणी आठवड्याला वीस तास ठरले होते. प्रत्यक्षात सकाळी दोन आणि रात्री तीन असे तुकडे पडले, दिवस अख्खा गेला आणि करारात त्याविरुद्ध एक ओळ नव्हती.

राहण्याबद्दल मात्र सावकाश लिहिते, कारण तुझी मला खरी काळजी तिथेच आहे. पहिले काही आठवडे सगळं सुंदर दिसेल. मग साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक दिवस बँकेतला अर्ज कळणार नाही आणि तू घरी येऊन रडशील. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये कल्चर शॉकची जी लक्षणं लिहिली, त्यांत सारखे हात धुणं आहे, पिण्याच्या पाण्याची अवाजवी धास्ती आहे, क्षुल्लक गोष्टींवरून येणारा राग आहे. नवलाईनंतर हा उतार येतो आणि बहुतेकांना तो ओलांडता येतो, हेही त्यांनीच सांगितलंय. तेव्हा त्या महिन्यात राजीनामा लिहू नकोस. फक्त परदेशी शिक्षकांच्या घोळक्यात बसून त्या देशाला नावंही ठेवू नकोस. त्याने दोन तास बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकवत नाही. पण पगार थकवला, पासपोर्ट काढून घेतला किंवा कुणी अंगाशी आलं, तर तो उतार नव्हे. तिथे थांबायचं नाही. आपल्या दूतावासाचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेव.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या भाषेचा वर्ग लाव, आठवड्यातून दोनदा तरी. भाजी घेता यावी म्हणून तर लावच. पण तिथे तू मागच्या बाकावर बसशील, कुणीतरी भरभर प्रश्न विचारेल, तोंडात शब्द यायच्या आत पुढच्या मुलाकडे वळेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या वर्गात तू आपोआप हळू बोलशील. मुलांची नावं त्यांच्याकडूनच म्हणवून घे आणि त्यांनी मान डोलावेपर्यंत म्हण.

घराचा भाडेकरार सही करण्याआधी मला त्याचे फोटो पाठव, आपण फोनवर बसून एकेक कलम वाचू. आणि तो चौथा महिना मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय. तेव्हा तू फोन केला नाहीस, तर मी करीन.

तुझ्या,
बाई