वाचकांचे प्रश्न: मित्राची मेक डॉट कॉन्फ आणि इतर दुखणी

मागच्या अंकात फ्रीबीएसडी ही युनिक्स जातीची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सोर्समधून (मूळ कोडमधून) कशी बिल्ड करायची, म्हणजे कंपाइल करून बांधायची, ते लिहिलं होतं, आणि वाटलं होतं की आठदहा लोक वाचतील नि विषय संपेल. पण पत्रं बरीच आली आणि जवळजवळ सगळी एकाच जागी अडकलेली, की ऑप्शन कुठे लिहायचे आणि कुठले लिहायचे. निवडक घेतोय. फाइलींची नि ऑप्शनची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, तुमच्या फाइलीत अर्थातच रोमन लिपीत टाका, कॅपिटल-स्मॉलसकट.

प्रश्न: नमस्कार सर, जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४ टाकलंय. हॉस्टेलमधल्या एका सीनियरने त्याची मेक डॉट कॉन्फ दिली, चाळीसेक ओळी आहेत, त्यातल्या मला पाच कळतात. ती टाकल्यापासून पोर्ट्समधलं (सोर्समधून बांधायच्या जादा सॉफ्टवेअरमधलं) काही धड कंपाइल होत नाही, एक झालं पण उघडलं की लगेच बंद पडतं. आणि गंमत म्हणजे माझा कॉलेजचा सी मधला छोटासा प्रोजेक्टसुद्धा आता नवीनच वॉर्निंग देतोय, त्याचा काय संबंध? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं बघा. इटीसी फोल्डरमधली मेक डॉट कॉन्फ ही "सिस्टिम बिल्ड करायची फाइल" आहे असं बहुतेकांना वाटतं, मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. ती तशी नाही. फ्रीबीएसडीचं मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) जेव्हा जेव्हा चालतं, मग ते यूएसआर एसआरसी मध्ये (सिस्टिमचा सोर्स इथे असतो) असो, पोर्ट्समध्ये असो नाहीतर तुमच्या होम फोल्डरमधल्या प्रोजेक्टमध्ये असो, प्रत्येक वेळी ते ही फाइल वाचतं. म्हणजे सीनियरने त्याच्या मशीनसाठी सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या सूचनांमध्ये) जे काही कोंबलंय ते तुमच्या असाइनमेंटलाही लागतंय. तोच प्रोजेक्ट जीमेकने (ग्नूच्या मेकने) चालवून बघा, वॉर्निंग जातील, कारण जीमेकला या फाइलीशी काही देणंघेणं नाही.

फक्त सिस्टिमसाठी, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि वर्ल्ड (बेस सिस्टिममधलं बाकी सगळं) यांच्यासाठी, वेगळी फाइल आहे, एसआरसी डॉट कॉन्फ. ती यूएसआर एसआरसीच्या बाहेर कुणी वाचत नाही. तिसरी एक एसआरसी-एन्व्ह डॉट कॉन्फ आहे, तिचं काम खाली एका प्रश्नात येईल. तर नियम एवढाच, की जे सिस्टिमपुरतं आहे ते एसआरसी डॉट कॉन्फमध्ये, आणि मेक डॉट कॉन्फमध्ये लिहिताना हे सगळीकडे लागणार आहे हे डोक्यात ठेवून लिहायचं.

आता त्या चाळीस ओळी. तुम्ही सोबत पाठवल्यात त्या वाचल्या. मायनस ओ थ्री, फनरोल लूप्स आणि अजून चारपाच मायनस एफवाले फ्लॅग, हे सगळं वेगाच्या नावाखाली. मेक डॉट कॉन्फच्या मॅन पेजमध्येच (सिस्टिमसोबत येणाऱ्या माहितीपानात) स्वच्छ लिहिलंय की ओ आणि ओ टू सोडून दुसरी ऑप्टिमायझेशन लेव्हल सपोर्टेड नाही, म्हणजे ओ थ्रीने काही मोडलं तर तक्रार कुठे करायची सोय नाही. आणि ओ टू सोबत पाइप हे डिफॉल्टच आहे, ते लिहायचीही गरज नसते! लूप उलगडल्याने कोड फुगतो, फुगलेला कोड प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, मग फायदा राहिला बाजूला, उलट हळू व्हायची शक्यता. एखादा गणिती प्रोग्राम असेल तर मोजून बघून त्याच्यापुरतं लावा, पण एलएस आणि कॅटला ओ थ्रीने काय मिळणार आहे?

अजून एक, त्यात सीफ्लॅग्जपुढे नुसतं बरोबरचं चिन्ह आहे. त्याने आधीची किंमत (व्हॅल्यू) पुसली जाते. भर घालायची असेल तर अधिक-बरोबर. आणि सीपीयूटाइपपुढे (कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते सांगणारी ओळ) प्रश्नचिन्ह-बरोबर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करायची वेळ आली तर कमांडवरून बदलता येतं.

काय करायचं म्हणाल तर फाइल डिलीट करू नका, नाव बदलून बाजूला ठेवा, जो पोर्ट उघडल्यावर बंद पडतोय तो मेक क्लीन करून परत बांधा. चालला तर मग एकेक ओळ परत आणा, आणि ती ओळ कशासाठी आहे हे सांगता येत नसेल तर आणू नका. कुठल्याही फोल्डरमध्ये उभं राहून मेक मायनस कॅपिटल व्ही आणि पुढे सीफ्लॅग्ज असं मारलं की त्या जागी खरोखर काय लागू आहे ते छापून येतं, याच्याइतकी उपयोगी कमांड दुसरी नाही आणि ती कुणालाच माहीत नसते. एखाद्याच पोर्टला काही वेगळं लागत असेल तर मेक डॉट कॉन्फमध्ये डॉट-इफ टाकून डॉट-कर-डिरवर (मेक ज्या फोल्डरमध्ये चालतंय त्याच्या पत्त्यावर) अट लावता येते, मग बाकीच्यांना त्याचा त्रास नाही.

माझ्या स्वतःच्या मेक डॉट कॉन्फमध्ये आज दोन ओळी आहेत. एक कर्नकॉन्फ (कुठला कर्नल बांधायचा ते), दुसरी ऑप्शन्स अनसेटमध्ये डॉक्स आणि एक्झाम्पल्स (पोर्ट्ससोबतची कागदपत्रं नि नमुने नकोत). बस.

प्रश्न: एसआरसी डॉट कॉन्फमध्ये विदाउट लिब३२ बरोबर नो असं लिहिलंय, म्हणजे ३२ बिट लायब्ररी पाहिजेत मला, तरी बिल्ड होत नाहीत. बग आहे का? (नाशिक)

उत्तर: बग नाही, डोक्याला ताप आहे. या विथ आणि विदाउटवाल्या ऑप्शनमध्ये बरोबरच्या पुढे काय लिहिलंय ते कुणी बघतच नाही. नो लिहा, फॉल्स लिहा, आजीचं नाव लिहा, ओळ आहे म्हणजे ऑप्शन लागू. मॅन पेजमध्ये हे आहे पण ते अगदी वर आहे आणि आपण सगळे खाली उडी मारून यादी वाचतो. ३२ बिट पाहिजे असेल तर ती ओळच काढून टाका, डिफॉल्टने ते चालूच असतं. यूएसआर एसआरसी मध्ये मेक शोकॉन्फिग मारलं की कुठला ऑप्शन येस आणि कुठला नो धरलाय त्याची पूर्ण यादी येते, बिल्ड लावायच्या आधी ती एकदा डोळ्याखालून घालायची. आणि उलट बाजू पण लक्षात ठेवा, विदाउट गेम्स टाकून नवीन वर्ल्ड इन्स्टॉल केलं म्हणून जुने गेम्स जात नाहीत, ते मेक डिलीट-ओल्डने जातात.

प्रश्न: दादा, आमच्या छोट्या ऑफिसात फ्रीबीएसडीच्या दोन मशीन आहेत, एक नवी आणि एक बरीच जुनी. नव्या मशीनवर बिल्ड करून तेच जुन्यावर इन्स्टॉल केलं तर चालेल ना? जुनीवर कंपाइल करायला घेतलं की दिवस जातो. (पिंपरी)

उत्तर: चालतं, ही रीत हँडबुकमध्येही दिलेली आहे, यूएसआर एसआरसी आणि यूएसआर ओबीजे (बांधलेलं इथे पडतं) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, माउंट करायचं आणि दुसऱ्या मशीनवर फक्त इन्स्टॉल. पण आधी एक गोष्ट सांगतो, मग ठरवा.

मी हेच केलं होतं. नव्या डेस्कटॉपवर सीपीयूटाइप नेटिव्ह ठेवलेलं, कधी टाकलं होतं तेही विसरलो होतो. नेटिव्हचा अर्थ "ज्या मशीनवर कंपाइल होतंय तिच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर". डेस्कटॉपला एव्हीएक्स टू (प्रोसेसरच्या नव्या सूचनांचा एक संच) येत होतं, घरातल्या जुन्या फाइल सर्व्हरला नाही. कर्नल तिथे होता तोच ठेवला, फक्त वर्ल्ड इन्स्टॉल केलं, इन्स्टॉल अगदी सुरळीत पार पडलं, आणि नंतर सहज एलएस मारलं तर स्क्रीनवर "इल्लिगल इन्स्ट्रक्शन". परत मारलं, परत तेच. पीएस, तेच. उघडी असलेली शेल जिवंत होती कारण ती जुनी, मेमरीत बसलेली, पण नवीन काही म्हणजे काही चालेना. मग आठवलं की अशा वेळेसाठीच रेस्क्यू फोल्डर असतं, स्टॅटिक लिंक केलेलं, लायब्ररी मोडल्या तरी चालणारं. ते मारलं. इल्लिगल इन्स्ट्रक्शन! अरे हो, रेस्क्यूसुद्धा त्याच बिल्डमधून, त्याच फ्लॅगने आलेलं. लायब्ररी मोडली तर ते वाचवतं, प्रोसेसरच चुकीचा धरला तर ते पण बाकीच्यांबरोबर बुडतं.

वाचलो ते झेडएफएस या फाइलसिस्टिममुळे. इन्स्टॉलच्या आधी बीईसीटीएल क्रिएटने बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची त्या क्षणाची, बूट करता येणारी प्रत) करून ठेवलं होतं, मशीन बटण दाबून बंद केली, चालू करताना लोडरच्या (कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून जुनं एन्व्हायर्नमेंट निवडलं आणि दोन मिनिटात पूर्वस्थिती. ते नसतं तर इन्स्टॉलरची पेन ड्राइव्ह शोधत बसलो असतो, आणि ती पेन ड्राइव्ह वेळेला कधी सापडत नाही.

तेव्हा तुम्ही सीपीयूटाइप अजिबात लिहू नका. डिफॉल्टने जे बनतं ते कुठल्याही ६४ बिट इंटेल-एएमडीवर चालतं. लिहायचंच असेल तर दोन्हींपैकी जुन्या प्रोसेसरचं नाव लिहा, नेटिव्ह नाही. आणि बीईसीटीएल क्रिएट न विसरता.

प्रश्न: ४ जीबी रॅमवर बिल्डवर्ल्ड लावून झोपतो आणि सकाळी बघतो तर मध्येच मेलेलं असतं, लॉगमध्ये सी प्लस प्लस वॉज किल्ड, फेल्ड टू रिक्लेम मेमरी. त्यात आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, परत पहिल्यापासून. (परभणी जिल्हा)

उत्तर: मायनस जे (एका वेळी किती कामं चालवायची) किती दिलंय ते लिहिलं नाहीत पण माझा अंदाज आठ. बरोबर ना? बिल्डवर्ल्डमधला सगळ्यात जड भाग म्हणजे खुद्द कंपायलर. फ्रीबीएसडी १०.० पासून, म्हणजे २०१४ पासून, बेस सिस्टिममध्ये क्लँग हा डिफॉल्ट कंपायलर आहे, आणि तो ज्याचा भाग आहे त्या एलएलव्हीएमच्या एकेका फाइलीला कंपाइल होताना भरपूर मेमरी लागते, अशा आठ एकदम चालल्या की ४ जीबीचं काय होणार. जे टू करा, स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर बघा की किती आहे, नसेल तर द्या.

मग एसआरसी डॉट कॉन्फमध्ये विदाउट एलएलव्हीएम टार्गेट ऑल. डिफॉल्टने तुमचा कंपायलर आर्म, पॉवरपीसी वगैरे इतर प्रोसेसरचा कोड काढायलाही शिकून येतो, तुम्हाला ते लागत नाही, या ओळीने तेवढी शिकवणी बंद. विदाउट टेस्ट्स पण टाका. डिस्क कमी असेल तर विदाउट डीबग फाइल्स आणि विदाउट कर्नल सिम्बॉल्स. विदाउट क्लँग मात्र टाकू नका, लोक सांगतात खरं, बिल्ड लवकर होतं पण इन्स्टॉल आणि डिलीट-ओल्ड केल्यावर मशीनवर कंपायलरच उरत नाही आणि पुढचं बिल्ड कशाने करणार?

लाइटसाठी मेटा मोड. विथ मेटा मोड ही ओळ एसआरसी डॉट कॉन्फमध्ये चालत नाही, ती एसआरसी-एन्व्ह डॉट कॉन्फमध्ये, हीच ती तिसरी फाइल. सोबत केएलडीलोड फाइलमॉन करून मॉड्यूल चढवायचं. मग कुठली फाइल कशावरून बनली याची नोंद राहते आणि बिल्ड मध्येच तुटलं तरी परत लावल्यावर झालेलं काम परत होत नाही. सोर्स अपडेट केल्यावरसुद्धा बदललेलंच बांधतं, तेव्हा लाइट असलेल्यांनीही वापरावं.

प्रश्न: जेनेरिक (सोबत येणाऱ्या डिफॉल्ट) कर्नलची कॉन्फिग फाइल कॉपी करून नको ते डिव्हाइस काढले, आता बूट होतं पण लॉगिनला कीबोर्ड चालत नाही. हसू नका. (ठाणे)

उत्तर: हसलो, पण माझंही एकदा नेटवर्क कार्ड काढून झालंय. घाबरू नका, लोडरच्या मेनूत कीबोर्ड चालेल, कारण तिथे कर्नल अजून आलेलाच नसतो, मशीनचं फर्मवेअर कीबोर्ड बघतं. मेनूत कर्नल बदलायचा पर्याय आहे, तिथे कर्नल डॉट ओल्ड निवडा, इन्स्टॉलकर्नलने तुमचा आधीचा कर्नल त्या नावाने ठेवलेला असतो. आत आलात की एक चांगला कर्नल सीपी मायनस आर करून कर्नल डॉट गुड अशा नावाने कायमचा बाजूला ठेवा.

आणि अख्खी जेनेरिक कॉपी करायची पद्धत सोडा. नवीन फाइलीत पहिली ओळ इन्क्लूड जेनेरिक, दुसरी आयडेंट आणि तुमचं नाव, पुढे जे नको त्याला नोडिव्हाइस किंवा नोऑप्शन्स. फाइल पाचसात ओळींची राहते, पुढच्या व्हर्जनला जेनेरिक बदललं तर तुमच्यातही आपोआप येतं, आणि आपण काय काढलं ते एका नजरेत दिसतं, यूएसबी दिसलं की (कीबोर्ड त्यावरच असतो) हात थांबतो.

प्रश्न: मी जेंटू (सोर्समधून बांधायचं लिनक्स) वापरतो. तिथेही मेक डॉट कॉन्फच आहे, तुमचं हे सगळं लागू का? (बंगळुरू)

उत्तर: नाव सारखं, घर वेगळं. तुमची फाइल इटीसी पोर्टेजमध्ये असते आणि ती फक्त पोर्टेज (जेंटूचा पॅकेज बांधणारा प्रोग्राम) वाचतं, तुमच्या खाजगी प्रोजेक्टला हात लावत नाही. किंमती अवतरणचिन्हात लिहायच्या, फ्रीबीएसडीत मात्र नाही, तिथे मेकला ती चिन्हंही किमतीचाच भाग वाटतात. कुठल्या पॅकेजमध्ये काय हवं नको ते यूज फ्लॅगने. मेकऑप्ट्समध्ये जे चा आकडा टाकताना दर जॉबला निदान २ जीबी रॅम धरा, हे जेंटूवालेच सांगतात. नेटिव्हची गोष्ट मात्र शब्दशः तुम्हालाही लागू, जुन्या मशीनवर डिस्क हलवणार असाल तर आधी वरचं पिंपरीकरांचं उत्तर वाचा.