वय २२, संधिवात आहे. बाहेरून धडधाकट दिसते म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. काय करू?

मला सोळाव्या वर्षी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. 'या वयात कसला संधिवात?' हे मीही पुष्कळ ऐकलंय. हा म्हातारपणी होणाऱ्या झिजेचा आजार नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि असा संधिवात लहान मुलांनाही होतो. एवढं दोन वाक्यांत सांगायचं. प्रत्येकाला पटवत बसायचं नाही. त्यात सगळी ताकद जाते, आणि ती तुला दिवस काढायला हवीय.

सगळ्यात जास्त फसवतो तो बरा दिवस. सकाळी बोटं आखडलेली नसली की राहिलेली सगळी कामं एका दमात उरकावीशी वाटतात, आणि मग पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मी बऱ्या दिवशीही मुद्दाम अर्ध्यावर थांबते. हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

औषधाचं म्हणशील तर मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नकोस. दारू आणि गर्भधारणा या दोन्हींबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोल, लाजू नकोस. या औषधानं गर्भाला अपाय होतो आणि तरुण मुलींना हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

एका मैत्रिणीला मात्र सगळं खरं सांग. बाकीच्यांना 'आज जमणार नाही' एवढं पुरे.